सत्यवतीचा बकासुर

कैलासच्या चपला खालच्या मजल्यावर झोहराच्या दाराबाहेर दिसल्या, तेव्हापासून सत्यवतीच्या पोटात दुखायला लागलं. औषधाने बरं होणारं ते दुखणं नव्हतं. तीन शुक्रवार हा बाबा ड्युटीचं निमित्त सांगून तिच्याकडे जेवायला आला नव्हता, आणि इथे तिच्याच इमारतीत, तिच्याच जिन्याखाली, दुसरीच्या हातचं खात बसला होता.

कैलास तिच्या नवऱ्याच्या, पांडुरंगच्या गावचा, गुहागरकडचा. बहारीनमध्ये कंपनीची पिकअप चालवायचा आणि कामगारांच्या कॅम्पात सातजणांच्या खोलीत राहायचा. सहा वर्षं दर शुक्रवारी, सुट्टीच्या दिवशी, तो जिदहफ्स वस्तीत त्यांच्याकडे जेवायला यायचा, आणि सत्यवतीचा तो आठवड्याचा सण असायचा. पांडुरंगचं खाणं चिमणीचं. दीड भाकरी झाली की हात धुवायला उठला. अशा माणसासाठी रांधण्यात बाईला काय सुख? कैलास मात्र तांदळाच्या अकरा भाकऱ्या सहज हाणायचा, वर कालवणभाताचा डोंगर. सत्यवती वाढत उभी राहायची आणि मोठ्याने मोजायची. अकरावी पानात पडली की म्हणायची, आमचा बकासुर आता धाला.

तिच्या माहेरी या शब्दांचा हिशोब पक्का होता. ज्याची नजर दुसऱ्याच्या ताटात, तो अधाशी. हावरट म्हणायचं ते रागात, खादाड लाडात. आणि बकासुर म्हणजे दाबून खाणारा, दाबून राबणारा घरचा गडी. हे तिला कुणी शिकवलं नव्हतं, पण यात आपली चूक होणं शक्य नाही अशी तिची खात्री होती. म्हणून तर मागच्या महिन्यात तिने भाकऱ्यांच्या चळतीमागे बसलेल्या कैलासचा फोटो गावच्या व्हॉट्सॲप ग्रुपवर टाकला आणि खाली लिहिलं, आमचा बहारीनचा बकासुर. साठ जणांनी हसरे चेहरे पाठवले. दोन दिवस सत्यवतीचे पाय जमिनीवर नव्हते.

झोहरा दापोलीकडची, इथे येऊन जेमतेम चार महिने झालेली. तिचा नवरा ताहिर ज्या दुकानात क्लार्क होता, तिथे कैलास माल पोचवायचा, ओळख तिथली. असं काय घालते ही बया त्याला? सत्यवतीने मनातल्या मनात झोहराच्या स्वयंपाकघराची झडती घेतली. तेल जास्त ओतत असणार. मसाला गावाहून मागवत असणार. पांडुरंगला विचारलं तर तो म्हणाला, जेवतोय ना कुठेतरी, तुझं काय गेलं? त्या संध्याकाळी ती त्याच्याशी बोलली नाही.

चौथ्या शुक्रवारी तिने पातेलीभर सोलकढी घेतली आणि शेजारधर्माचं सोंग करून खाली उतरली.

दार उघडंच होतं. ताहिर नुकताच नमाज पढून आलेला. जमिनीवर चादर अंथरलेली आणि तिच्यावर एकच थोरलं ताट, त्यात भात, भातावर हमूर माशाचं कालवण. ताहिर, झोहरा आणि कैलास, तिघांचे हात त्या एकाच ताटात. सत्यवतीच्या मनात आधी आलं, शी, उष्टं. मग दुसरं आलं ते जास्त झोंबलं. तिच्या घरी कैलास इतका सैल कधी बसला नव्हता. ताटातला भात खाली जात होता, पण कुणाच्या बाजूने किती गेला ते कुणाच्या बापाला सांगता आलं नसतं.

"ड्युटी इथे असते होय तुझी?" ती म्हणाली.

कैलासचा हात थांबला. मग ती जे विचारायला आली नव्हती तेच तोंडातून गेलं. "सहा वर्षं जेवू घातलं तुला. माझ्या हातात काय कमी पडलं, ते तरी सांग."

"तुमच्या हाताला तोड नाय, वहिनी." तो ताटाकडे बघत राहिला. "तो फोटो कॅम्पात पोचला. आता डाळ वाढणारा माझ्या पुढ्यात आला की बाकीच्यांकडं बघून हसतो. परवा अंडी कमी भरली, तर सगळ्यांनी माझ्याकडं बघितलं. बकासुर दुसऱ्याच्या वाट्याचं खायचा ना? मी कधी कुणाचं खाल्लं नाय."

कौतुकाने म्हटलं रे, असं तिच्या ओठांवर आलं आणि तिथेच अडलं. तिच्या घरी बारावी भाकरी नेहमी तयार असायची. जिथे पळी मोजून पडते तिथे त्या शब्दाचं काय होईल, हे तिला सुचलंच नव्हतं. तिला वाईट वाटलं, अगदी मनापासून. पण मत्सर काही गेला नाही. झोहराचं कालवण सरस म्हणून तो इथे येत असता तर बरं झालं असतं. ते शिकून घेता आलं असतं.

झोहरा सरकून बसली. "उभ्या कशाला वहिनी? बसा. ताट मोठा हाय."

कैलासबरोबर सत्यवती आजवर जेवायला बसली नव्हती. ती नेहमी वाढत उभी. तिने सोलकढीची पातेली चादरीवर ठेवली. आज हातात पळी नव्हती, तेव्हा हातांचं काय करायचं ते तिला कळेना. ती बसली. कैलासने हमूरचा मधला तुकडा घेतला, काटा काढला आणि तिच्या बाजूला सरकवला. या ताटाची ती रीतच दिसत होती. मघाशी ताहिरने झोहराकडे असाच एक सरकवला होता. सहा वर्षांत कैलासने तिला कधी एक घास दिला नव्हता. तिने तशी जागाच ठेवली नव्हती.

"पुढच्या शुक्रवारी वर येशील?" तिने खालमानेने विचारलं.

"येईन," कैलास म्हणाला. "पण तुम्ही पण बसायचं माझ्याबरोबर."

तिने मान हलवली आणि तो तुकडा तोंडात घातला. चव चांगली होती. चांगली होती म्हणून तिला झोहराचा पुन्हा राग आला, आणि त्या रागातच दुसऱ्या घासासाठी तिचा हात ताटाकडे गेला.