पत्ता माझा, आत गेली सुई

मी एक जुनी पेटी आहे. लाकडाची, पुढे दुधी काच, आत दोन दिवे. माझ्यावर एक्स-रेची फिल्म लावून बघतात. मित्रांनो, दिवा लागतो तेवढाच वेळ मला दिसतं. म्हणून गोष्टही तुकड्यांनीच सांगते.

दिवा लागला.

भिलाईत पोलादाच्या कारखान्याच्या भट्ट्या उभ्या राहत होत्या. देवराव सुतारानं मला घडवून दवाखान्यात टांगलं. "पेटी काय म्हणते?" हा डॉक्टरांचा रोजचा प्रश्न. मी म्हणेन ते खरं. सात वर्षं!

दिवा बंद.

दिवा लागला.

धाकटी जाऊ घरात यावी तशी ती आली. लांब, बारीक, पोकळ सुई. तिला उकळत्या पाण्याची आंघोळ, पांढऱ्या कापडाचं अंथरूण. मला महिन्यातून एकदा फडकं.

त्याच दिवशी माझ्यावर फकिराची फिल्म लागली. कोक ओव्हनवरचा, म्हणजे कोळसा भाजायच्या भट्टीवरचा कामगार, भंडाऱ्याकडचा. फुप्फुसात सुपारीएवढी सावली. मी ठासून म्हटलं, कॅन्सर.

"मलाही तेच वाटतं," डॉक्टर म्हणाले. "पण सावली बघून कुणाची छाती उघडायची नाही. सुईनं थेंबभर काढू, सूक्ष्मदर्शकाखाली पेशी बघू."

"छातीत सुई? कावून जी?" त्याची बायको मथुरा घाबरली.

फकिरा हसला. "कोक ओव्हनच्या धुराले नाई भेलो, आता सुईले भेऊ का वो?"

डॉक्टरांनी माझ्यावर पट्टी धरून सावलीची जागा मोजली, खूण त्याच्या पाठीवर केली. पत्ता माझा, आणि आत गेली ती! थेंब काचेवर पसरला. "शाब्बास," डॉक्टर म्हणाले. सुईला.

दिवा बंद. दोन दिवस अंधारात मी एकच मागत होते. ती खोटी पडावी. मी खरी ठरावी.

दिवा लागला.

"कॅन्सरच्या पेशी नाहीत," डॉक्टर म्हणाले. "टीबीचे जंतू सापडले. दीड वर्ष औषध, एक दिवस चुकवायचा नाही."

मथुरानं फकिराचा हात धरला. "टीबी हाय! अवो, टीबीच हाय!" हसत होती, रडत होती.

"पेढेच वाटून ये मंग," फकिरा म्हणाला.

आणि मला कळलं. दोन दिवस मी मागत होते ते फकिराचं मरण होतं.

दिवा बंद. बराच वेळ.

आता मी अडगळीत आहे, काचेला तडा. सुईचा हेवा? अजून आहे, थोडा. पण मित्रांनो, छातीतलं दुखणं अंगावर काढू नका. आणि नुसती सावली पाहून कुणाला जिवंतपणी मारूही नका. आत काय आहे ते बघून घ्या.

दीड वर्षानं फकिराची फिल्म पुन्हा माझ्यावर लागली होती. माझ्यावर लागलेली सगळ्यांत देखणी फिल्म तीच. तिच्यात मला दाखवायला काही उरलं नव्हतं.