पंखा सुरू व्हायच्या आत

कारखाना बंद झाल्यापासून फिटर घरीच होता. पहिल्या महिन्यात त्याने घरातल्या सगळ्या बिजागऱ्यांना तेल घातलं, गळके नळ नीट केले, चांगला चालणारा मिक्सरसुद्धा उघडून पुन्हा जोडला. बायको हसून म्हणाली, की रिकामा न्हावी भिंतीला तुंबड्या लावी, तशातली गत झाली.

ती एका कंपनीसाठी पुस्तकं वाचून ध्वनिमुद्रित करायची. आतल्या छोट्या खोलीत, दाराला रजई टांगून, एक माईक आणि जुना लॅपटॉप घेऊन बसायची. वाचन संपलं की बारीकसारीक आवाज काढून फाइल तयार करायचं काम लॅपटॉपचं. त्यात तो इतका रेंगाळायचा, की तिचा सगळा स्वयंपाक उरकायचा. तिला त्याचं काही नव्हतं. जीव वरखाली व्हायचा तो फिटरचा.

त्याने व्हिडिओ पाहून पाहून ओव्हरक्लॉकिंग शिकून घेतलं. लॅपटॉप बनवणाऱ्यांनी ठरवून दिलेल्यापेक्षा प्रोसेसर जास्त वेगाने पळवायचा, मात्र तो तापतो, म्हणून जपून. त्याने बायकोला विचारलं. बऱ्याच दिवसांनी त्याचे डोळे चमकताना दिसले, म्हणून ती हो म्हणाली. त्याने धूळ साफ केली, वेग थोडाथोडा वाढवत नेला. लॅपटॉप दोनदा हँग झाला, तेव्हा एक पाऊल मागे घेतलं. शेवटी जमलं. आता भाजी चिरून होईपर्यंत फाइल तयार. त्या दिवशी दाढी करताना तो शीळ घालत होता.

घोळ दुसऱ्याच दिवशी लक्षात आला. लॅपटॉप आता नुसत्या ध्वनिमुद्रणानेही तापायचा आणि आतला पंखा घरघरायला लागायचा. माईकला ती घरघर स्पष्ट ऐकू यायची. लॅपटॉप थंड होऊ दिला, की थोडा वेळ शांतता मिळे. तेवढ्यात जमेल तितकं ती वाचून घ्यायची, पुन्हा थांबायची. नवऱ्याला मात्र तिने यातलं अवाक्षरही सांगितलं नाही.

आठवड्याभराने कंपनीतल्या ताईंचा फोन आला. बायको कणीक मळत होती, म्हणून फोन स्पीकरवर होता. कादंबरीची दोन प्रकरणं परत पाठवतेय, असं त्या म्हणाल्या. आवाज स्वच्छ होता, उच्चारही चोख. "पण म्हातारीचा मुलगा इतक्या वर्षांनी दारात येऊन उभा राहतो, आणि तू तिथे श्वाससुद्धा घेतला नाहीस. गाडी चुकत होती का गं?"

तिने सर्दीचं निमित्त सांगून वेळ मारून नेली. पण फिटर दारातच उभा होता. सर्दी कुठे झालीय, असं त्याने विचारलं. मग तिला सांगावंच लागलं, की पंखा सुरू व्हायच्या आत वाचून संपवावं लागतं.

जेवून ताटं उचलल्यावर तो म्हणाला, "मला का नाही सांगितलंस?"

"तुम्ही शीळ घालत होतात."

"कारखान्यात नवीन यंत्र आलं की मी आधी विचारायचो, याच्याकडून काय काम घ्यायचंय," तो म्हणाला. "तुला ते विचारलंच नाही. परस्पर ठरवून मोकळा झालो."

सकाळी त्याने वेग पूर्ववत केला, आणि मग आणखी थोडा खाली आणला. फाइलला आता पहिल्यापेक्षाही वेळ लागेल, असं ती म्हणाली. लागू दे, म्हणाला. कुणी बेल वाजवू नये म्हणून बाहेरच्या दाराकडे लक्ष ठेवत तो खोलीबाहेर स्टूल टाकून बसला.

एवढी वर्षं ती वाचायची तेव्हा तो कामावर असायचा, आणि घरी बसल्यापासूनही त्याने कधी कान देऊन ऐकलं नव्हतं. रजईआडून तिचा आवाज सावकाश येत होता. म्हातारी दाराकडे आली, तिने कडी काढली, आणि आवाज थांबला. थांबलाच. लॅपटॉप हँग झाला या धास्तीने तो अर्धवट उठला. तेवढ्यात अगदी हलक्या स्वरात पुढचं वाक्य आलं आणि तो परत खाली बसला.

ती बाहेर आली. आत फाइल संथपणे तयार होत होती. तो तिकडे फिरकलाही नाही.

"म्हातारी त्याला घरात घेते का?"

"उद्या वाचायचंय ते," ती म्हणाली. मग पुस्तक त्याच्यापुढे धरलं. "घ्या, बघा."

त्याने हात पुढे केला, पुन्हा मागे घेतला. "नको. तू वाच."