नऊ वाजता दार बंद

शनिवारी सकाळी साडेसातला रक्षिताचा डबा भरून झाला, वेणी घालून झाली, वही पिशवीत गेली, आणि ती स्वयंपाकघराच्या दाराआड जाऊन उभी राहिली. आता धाकटा दीर अभिराज घराबाहेर पडेपर्यंत तिला जागचं हलता येत नव्हतं.

चामराजपेटेतल्या त्या वठारात, एका अंगणाभोवतीच्या चाळीत, प्रत्येक बिऱ्हाडाला दार एकच. रोज सकाळी शेजारच्या अंबूबाई येऊन उंबरा धुवायच्या, रांगोळी घालायच्या, कारण त्या कुंकवाच्या धनीण होत्या आणि या घरात तशी कोणी उरली नव्हती. त्या रांगोळीवरून पहिलं पाऊल पुरुषाचं पडायचं. विधवेनं आधी उंबरा ओलांडायचा नाही, आणि पुरुष कामाला निघताना त्याच्या नजरेलाही पडायचं नाही. हा नियम सासूबाईंचा, कौशल्याबाईंचा. त्या स्वतः अकरा वर्षांपूर्वी विधवा झाल्या होत्या. अभिराज पायात बूट घालायला लागला की त्याही देवघरात जाऊन भिंतीकडे तोंड करून बसत. रक्षिताचा नवरा रणजीत दोन वर्षांपूर्वी तुमकूर रस्त्यावर लॉरीखाली गेला, तेव्हापासून दाराआडची जागा रक्षिताची झाली.

रणजीत आणि अभिराज एकाच सॉफ्टवेअर कंपनीत होते. रणजीतच्या जागेवर कंपनीनं रक्षिताला घेतलं, ती गणितात बी.एस्सी. होती म्हणून. ऑफिस दहाचं, त्यामुळे इतर दिवशी नियमाचा काच जाणवत नसे. पण १९९८च्या त्या पावसाळ्यात कंपनीनं आपल्या प्रोग्रॅमरांना राजाजीनगरच्या एका सभागृहात चार शनिवार-रविवारच्या सेमिनारला घातलं. नऊ वाजता दार बंद. तीनदा उशीर झाला तर सर्टिफिकेट नाही, आणि सर्टिफिकेट नाही त्याला महिनाअखेरीनंतर काम नाही. जो पहिला येईल तो वर्षभर अमेरिकेला.

अभिराजकडे स्कूटर होती, त्याला पंधरा मिनिटं पुरत. रक्षिताला सव्वाआठची बस लागे.

पहिल्या शनिवारी अभिराज आठ पस्तीसला निघाला. रक्षिता पोचली तेव्हा नऊ वीस झाले होते. बंद दारातून माइकचा आवाज तेवढा येत होता. रविवारीही तेच. दोन उशीर नोंदले गेले.

तिनं वाट शोधून पाहिली. सात वर्षांच्या लेकीला, अक्षराला, कोथिंबीर आणायला आधी पाठवलं.

"झालं की अत्याबाई, अक्षरा गेली आधी. आता मी जाऊ?"

"पोरीचं पाऊल धरत नाहीत गे."

"मग अंबूबाईंना आत बोलवून बाहेर जायला सांगते."

"त्या परक्या घरच्या. शहाणपणा करू नकोस. माझ्या एका लेकाला गिळलंस, दुसऱ्याला तरी सुखानं जाऊ दे."

हे वाक्य कौशल्याबाई रागानं म्हणत नसत. शेंगा सोलता सोलता म्हणत. रागाला निदान उत्तर देता आलं असतं.

शेवटी ऑफिसात जेवणाच्या सुट्टीत तिनं अभिराजलाच गाठलं.

"भावजी, तुम्ही आठला निघालात तर मला बस मिळेल. एवढंच करा."

"अय्यो वैनी, एवढंच ना? आधी सांगायचं!" तो हसला. "मी कुठं मानतो हे शकुनबिकुन? अम्माच्या समाधानासाठी चाललंय. स्कूटरवर बसवून नेलं असतं, पण वठारातली माणसं काय बोलतील, तुम्हाला ठाऊक. आठला निघतो, सरी? ठरलं तर."

आणि तो खरंच आठला निघू लागला. दुसरा आठवडा, तिसरा आठवडा. रक्षिता पावणेनऊला पहिल्या बाकावर असे.

सेमिनार दोन हजार सालाच्या घोळावर होता. जुन्या प्रोग्रॅममध्ये साल दोनच आकड्यांत लिहीत. शतक बदललं की यंत्राला दोन हजार म्हणजे एकोणीसशे वाटणार. शिकवणारे त्रिविक्रम सर फळ्यावर तारीख लिहून म्हणाले, "तीस वर्षांपूर्वी यंत्रात जागा कमी होती, म्हणून कोणीतरी हा नियम केला. जागेची अडचण केव्हाच संपली. नियम राहिला. आता कोणालाही विचारा, म्हणतो, हात लावू नका, चाललंय ते मोडेल."

वर्ग हसला. रक्षितानं ते वाक्य वहीत उतरवून घेतलं आणि खाली रेघ मारली.

चौथ्या शनिवारी संध्याकाळी सरांनी आतापर्यंतचे गुण वाचले. रक्षिता पहिली, अभिराज दुसरा, मध्ये सहा गुणांचं अंतर. "उद्याची परीक्षा शेवटची," सर म्हणाले. "अमेरिकेचं यांच्यापैकीच कोणाचं तरी ठरेल."

बाहेर स्कूटरला किक मारता मारता अभिराज म्हणाला, "भारी हं वैनी. दादाच्या वरताण निघालात."

रविवारी सकाळी आठ वाजले. अभिराज आंघोळ करून, इस्त्रीचा शर्ट घालून तयार होता. त्यानं पेपर उघडला.

दाराच्या फटीतून रक्षिताला त्याचे पाय आणि पेपराची खालची कड दिसत होती. पाच मिनिटं गेली. पान उलटलं.

"अम्मा, अजून स्वल्प कॉफी दे."

"उशीर होत नाही का रे? परीक्षा ना आज?"

"घाई कसली? पंधरा मिनिटांचा रस्ता."

आठ दहा. रक्षितानं दाराआडून हाक मारली, "भावजी, बस जाईल माझी."

पेपर हलला नाही. कौशल्याबाई मात्र तरातरा आत आल्या. "निघायच्या वेळी आवाज टाकतेस? परीक्षेला चाललाय तो!" त्यांनी बाहेर जाऊन स्वयंपाकघराच्या दाराला कडी घातली.

"अत्याबाई, माझीपण परीक्षा आहे. तीच परीक्षा! ऐका तरी!"

"ओरडू नकोस. वठार ऐकतंय."

आठ वीस. आठ तीस. अभिराजनं बूट घातले, नाड्या बांधल्या. मग उजव्या बुटाची नाडी सोडली आणि पुन्हा, सावकाश, बांधली.

तेव्हा रक्षिताला कळलं. या माणसाचा शकुनावर काडीचाही विश्वास नव्हता. सासूचा होता, ती भीत होती, आणि भ्यालेल्या माणसाला कधीतरी समजावता येतं. याला काय समजावणार? याला सगळं समजतच होतं. हा नियम आपल्याला किती मिनिटं मिळवून देतो, याचा त्यानं हिशेब केला होता.

आठ एक्केचाळीसला तो उठला. अंबूबाई भरली घागर घेऊन समोरून आल्या. स्कूटर सुरू झाली. आवाज कोपऱ्यावर वळून गेल्यावर कडी निघाली.

रक्षिता रिक्षा करून धावली. चौकात सिग्नल, पुढे खणलेला रस्ता. ती पोचली तेव्हा नऊ चार झाले होते. तिनं दार ठोठावलं. आतल्या मदतनिसानं दार बोटभर उघडून वहीत पाहिलं. "मॅडम, तिसरा." दार मिटलं. त्या बोटभर फटीतून तिला दिसला तो अभिराज. त्यानं मान वर केली नाही.

संध्याकाळी तो म्हैसूरपाक घेऊन घरी आला. "वैनी, वाईट वाटलं हो. वेळ सांभाळायला पाहिजे होती." अक्षराच्या हातावर त्यानं एक वडी ठेवली. अक्षरानं आईकडे पाहिलं आणि ती तशीच धरून राहिली.

महिनाअखेरीला रक्षिताचं काम गेलं. पुढच्या महिन्यात अभिराजची अमेरिका ठरली.

निघायच्या दिवशी दुपारी टॅक्सी वठाराच्या तोंडाशी लागली. सगळं वठार गोळा झालं. रक्षिता सांगितल्याविनाच दाराआड गेली. पण त्या दिवशी कौशल्याबाईंना काय वाटलं कोण जाणे, त्या भिंतीकडे तोंड करून बसल्या नाहीत. लेक सातासमुद्रापार चालला होता. वाटीत दही-साखर घेऊन त्या उंबऱ्याशी आल्या.

अभिराजनं त्यांना पाहिलं आणि एक पाऊल मागे घेतलं.

"अम्मा, तू आत जा ना."

"दही घाल रे तोंडात. वर्षभर दिसणार नाहीस."

"अंबूबाई घालतील. अम्मा, प्लीज. मी मानत नाही हे सगळं, तुला ठाऊक आहे. पण आज एवढा मोठा प्रवास आहे. कशाला उगीच?"

अंबूबाईंनी कौशल्याबाईंच्या हातून वाटी घेतली. घेताना त्यांचीही मान खाली होती.

कौशल्याबाई आत आल्या, देवघरापर्यंत न जाता स्वयंपाकघरात शिरल्या आणि रक्षिताच्या शेजारी दाराआड उभ्या राहिल्या. फटीला डोळा लावला. बाहेर बूट वाजले, सुटकेसची चाकं खरखरली.

"पायच दिसतात गे नुसते," त्या म्हणाल्या.

"होय. पायच दिसतात."

"तोंड नाहीच दिसत?"

"नाही, अत्याबाई."

टॅक्सी गेली. कौशल्याबाई फटीपासून हलल्या नाहीत. अकरा वर्षं त्यांनी लेकाला घरातून जाताना पाहिलं नव्हतं, आणि ते आपल्याच हातानं केलं होतं. त्यांनी विचारलं, "त्या दिवशी तू इथंच होतीस ना? मी कडी घातली तेव्हा?"

"होय, इथंच," रक्षिता म्हणाली. दिलासा देण्यासारखं तिच्याजवळ काही नव्हतं, आणि खोटं बोलायची तिची इच्छा नव्हती.

दसऱ्यानंतर सेमिनारची नवी तुकडी सुरू झाली. त्रिविक्रम सरांनी रक्षिताला शेवटच्या बाकावर बसायची परवानगी दिली. पुढे नोकरी मिळेल असं वचन कोणी दिलं नव्हतं. शनिवारी सकाळी आठला ती पिशवी घेऊन बाहेरच्या खोलीत आली. अंबूबाईंची रांगोळी नुकतीच झाली होती. घरात पुरुष नव्हता. आज हिला अडवणार तरी कोण, असं वाटत असतानाच कौशल्याबाई दारात आडव्या आल्या.

"थांब."

रक्षिताचे हात पिशवीवर घट्ट झाले. "अत्याबाई, आज मी थांबणार नाही. कडी घातलीत तर दार फोडीन."

"थांब म्हटलं ना. आधी मी."

आणि त्या म्हातारीनं रांगोळीवर पाय ठेवून उंबरा ओलांडला. अंबूबाईंच्या हातातली रांगोळीची वाटी कलंडली. "कौशल्यक्का, अहो हे काय?"

कौशल्याबाईंनी तिकडे पाहिलं नाही. वठाराच्या मधोमध जाऊन त्या वळल्या आणि दाराकडे तोंड करून उभ्या राहिल्या. कपाळ मोकळं, पदर खांद्यावर.

"ये आता," त्या सुनेला म्हणाल्या. "मी समोर आहे. माझं तोंड नीट बघ आणि जा. सव्वाआठची बस चुकेल."