सोळा आवाजांचं उद्यापन

श्रावणातल्या पहिल्या सोमवारी वृषालीनं लासुर्ण्याच्या महादेवापुढं हात जोडले आणि मनातली इच्छा मनातच बोलली. सोळा सोमवारांची रीतच तशी आहे, इच्छा उघड करायची नाही. पायऱ्या उतरताना ओळखीच्या दोघी-तिघी म्हणाल्या, "पोरीला यंदा स्थळ बघत्यात वाटतं." वृषाली गोड हसली. तिनं काय मागितलं ते कळलं असतं, तर त्याच बायकांनी तिला हाताला धरून परत गाभाऱ्यात नेलं असतं आणि देवाची क्षमा मागायला लावली असती.

तिनं मागितलं होतं, श्रेयाताईची मान खाली गेलेली मला या डोळ्यांनी बघू दे.

श्रेयाताई म्हणजे आवाजघराच्या प्रमुख. बारामतीत विद्यापीठाचं एक केंद्र होतं, त्याच्या वरच्या मजल्यावर ही प्रयोगशाळा. दारावरच्या पाटीवर तंत्रज्ञान, स्त्रीवाद, चिकित्सा असे शब्द एकापुढं एक लावलेले होते, पण आतली माणसं तिला नुसतं आवाजघर म्हणायची. यंत्रं बनवणारे ज्यांना कधी विचारत नाहीत अशा बायकांना इथं विचारायचं, की बाई, तुझ्या कामावर कुठलं यंत्र आलं आणि त्यानं तुझं काय केलं. हजेरीचं यंत्र, वजनाचं यंत्र, कॅमेरा. त्यांचं बोलणं जपून ठेवायचं, आणि त्यातून यंत्रवाल्यांना चार गोष्टी सुनवायच्या.

तिथं मॅडम म्हणायची बंदी होती, सगळ्या ताई. आपापला कप आपण विसळायचा. दर सोमवारी सकाळी खाली सतरंजीवर गोल करून बसायचं आणि आठवड्यात कुणी कुणाला दुखावलं असेल तर तिथंच बोलून माफी मागायची. त्याला वर्तुळ म्हणत. वृषालीला हे सगळं मनापासून आवडायचं, हेही सांगितलं पाहिजे. नाहीतर तीन वर्षं स्कूटीवर धूळ खात, लासुर्णे, भवानीनगर, निरवांगी पालथी घालून तिनं सोळा बायकांचे आवाज कशाला गोळा केले असते?

त्या सोळांतली एक सरूबाई, वृषालीच्या घराला घर लागून राहणारी. वृषाली तिला काकू म्हणायची. सरूकाकू गावातले बागायतदार आप्पासाहेब यांच्या शेडमध्ये पेरू निवडायला जायची. शेडच्या एका कोपऱ्यात बायका कामाचे कपडे बदलायच्या, आणि आप्पासाहेबांनी नेमका त्याच कोपऱ्याकडं तोंड करून कॅमेरा बसवला. सरूकाकूनं एक दिवस पेरूच्या क्रेटवर चढून त्याला शेण फासलं. हे सगळं तिनं हसत हसत वृषालीच्या फोनमध्ये सांगितलं होतं आणि सवयीप्रमाणं मध्येच म्हणाली होती, "खोटं आसंल तर तव्यातली भाकरी कडू लागंल मला."

श्रावणाच्या महिनाभर आधी बारामतीत एक मोठा कार्यक्रम ठरला, बागायतदारांना बोलावलं. काही आवाज ऐकवायचे होते. यंत्राचं काम बघणाऱ्या प्रगतीनं सरूकाकूचा आवाज असा जाडाभरडा करून दिला, की तिच्या लेकीलाही ओळखू आला नसता. पण ते भाकरीचं वाक्य तसंच होतं.

"ताई, हे काढा," वृषाली म्हणाली. "आख्ख्या लासुर्ण्यात असं एकटी सरूकाकूच बोलते."

"अगं, तिथंच तर ती आहे!" श्रेयाताई म्हणाल्या. "ते काढलं तर उरतं काय?"

दुसऱ्या रांगेत आप्पासाहेब बसले होते. ते वाक्य आलं आणि ते मोठ्यानं हसले. टाळ्यासुद्धा वाजवल्या. दुसऱ्या दिवशी सकाळी सरूकाकूला शेडच्या दारातच थांबवलं, आणि पंधरा दिवसांत आसपासच्या सगळ्या मळ्यांवर तिला काम मिळेनासं झालं.

सोमवारी वर्तुळ बसलं. श्रेयाताई शांतपणे म्हणाल्या, "गावातल्या कामात कुठंतरी काळजी कमी पडली." सगळ्यांनी वृषालीकडं बघितलं. कुणाचेच डोळे रागीट नव्हते, उलट सगळे मायेनं बघत होते, आणि तेच तिला सोसवेना. तिनं माफी मागितली. श्रेयाताईंनी छातीवर हात ठेवून सांगितलं, "सरूबाईंच्या वतीनं मी ही माफी स्वीकारते." मग चहा झाला. सरूकाकू त्या वेळी तिथून तीस किलोमीटरवर, घराच्या ओट्यावर हातावर हात ठेवून बसली होती, आणि आपण कुणालातरी माफ केलंय याचा तिला पत्ताही नव्हता.

त्या रात्री वृषालीनं आवाजघराचा संमतीचा कागद काढून वाचला. तो श्रेयाताईंनी स्वतः लिहिलेला, आणि त्याचं पार परदेशापर्यंत कौतुक झालेलं. त्यात होतं, दिलेला आवाज कधीही माघारी घेता येईल. कारण विचारलं जाणार नाही. त्याच दिवशी कारवाई होईल. खाली तीन चौकोन होते: आवाज पुसावा, नाव बदलून ठेवावा, किंवा मूळ आवाज मालकिणीच्या हवाली करावा. तीन वर्षांत असा कागद कुणी भरून दिला नव्हता.

मार्गशीर्षात दिल्लीचे आणि परदेशचे पाहुणे यायचे होते. सोळा आवाज त्यांना ऐकवायचे, आणि त्यावर आवाजघराची पुढची पाच वर्षं ठरायची. वृषालीनं बोटं मोजली. पाहुण्यांचा दिवस सतरावा सोमवार येत होता, उद्यापनाचा. देवानंच गाठ घालून दिली, असं तिला वाटलं.

दर सोमवारी ती पाण्यावर राहायची. आवाजघरात डबे उघडले, की प्रगती टोमणा मारायची, "काय गं, अजून जन्माला न आलेल्या नवऱ्याच्या आयुष्यासाठी का?"

"जन्मलाय गं. इथंच कुठंतरी फिरतोय," वृषाली म्हणायची. सगळ्या हसायच्या, श्रेयाताईसुद्धा. एकदा त्या समजुतीच्या सुरात म्हणाल्या, "श्रद्धेलाही आपण जागा दिली पाहिजे." वृषालीनं मान डोलावली. संध्याकाळी पूजा करून, बिनमिठाचा चुरमा खाऊन ती स्कूटी काढायची. एका सोमवारी एकच घर, आणि माघारीच्या कागदावर एकच सही.

भवानीनगरची बाई म्हणाली, "पर माझं नाव कुठं हाय त्यात?"

"सरूकाकूचं तरी कुठं होतं?"

बाईनं पेन मागून घेतलं.

असंच एकेक होत गेलं. फक्त निरवांगीच्या जयवंताबाईंनी तिला चांगलंच धरलं. भेंडी निवडता निवडता त्या म्हणाल्या, "मागल्या बारीला सही घ्यायला आलतीस, तवा बी अशीच हसत हुतीस. आवाज द्या म्हणलीस, दिला. आता काढून घ्या म्हणतीस. माझा आवाज हाय का तुझ्या भांडणातली काठी?"

वृषालीनं तरी कागद पुढं केलाच, आणि जयवंताबाईंनी सही केलीच. "काठी तर काठी," त्या म्हणाल्या, "पर नीट हान."

सोळाव्या सोमवारी राहिली सरूकाकू. तिच्यापाशी काही समजावायला लागणार नाही, असं वृषाली धरून चालली होती. सरूकाकूनं कागद दिव्याजवळ धरून अक्षर न अक्षर वाचला.

"पुसायचा? का म्हून?" ती म्हणाली. "मी काय घान बोलले व्हय? कॅमेरा लावला त्यानं, आवाज बदलला तुमी, आन पुसायचं मी?"

"काकू, सगळे पुसले की श्रेयाताईकडं ऐकवायला काही उरत न्हाय. मग बघ त्यांचं तोंड."

"तुझं भांडण तुझ्या बाईशी. माझं तिच्याशी कायबी न्हाय, मी तिला बघितली बी न्हाय." सरूकाकूनं बोट तिसऱ्या चौकोनावर ठेवलं. "ह्यो काय म्हणतो? मालकिणीच्या हवाली. मंग द्या माझ्या हवाली. जसा बोलले तसा. त्यो राक्षसावानी केलेला नगं."

सतराव्या सोमवारी सकाळी वृषालीनं श्रेयाताईंच्या टेबलावर सोळा कागद ठेवले. श्रेयाताई नव्या इरकलीत होत्या. दोन कागद वाचून झाल्यावर बाकीचे त्यांनी नुसतेच चाळले.

"आज? वृषाली, आजच?"

"कारण विचारायचं नाही असं लिहिलंय, ताई."

"आपण बसूया. वर्तुळात बोलूया."

"मी बसले होते वर्तुळात. तिथं जिची माफी मागायची ती नव्हती." वृषालीचा आवाज नेहमीसारखाच मऊ होता. "आज ती आलीय. बाहेर बाकावर आहे."

श्रेयाताई बाहेर आल्या. बाकावर सरूकाकू पिशवी मांडीवर घेऊन बसली होती.

"तुम्ही...?"

"तुमच्या मशिनीत हाय ना, ती मी."

श्रेयाताईंनी हात जोडले. सरूकाकूनं त्या हातांकडं बघितलं. "बाई, माझं काय आसंल ते द्या आन मोकळं करा. दोनची यष्टी हाय."

प्रगतीनं पंधरा आवाज एकेक करून पुसले. प्रत्येक वेळी यंत्र विचारायचं, नक्की का? आणि प्रत्येक वेळी ती श्रेयाताईंकडं बघायची. श्रेयाताई मान हलवायच्या. नियम त्यांचाच होता, मोडणार कशा? सोळावा एका बोटभर पेनड्राइव्हवर घालून सरूकाकूच्या हातात दिला.

सभागृहात पाहुणे बसले. श्रेयाताई उभ्या राहिल्या आणि ऐकवायला काहीच नाही, हे त्यांना इंग्रजीत सांगावं लागलं. एका परदेशी बाईनं विचारलं, म्हणजे बायकांचा तुमच्यावर विश्वास राहिला नाही असं म्हणायचं का? श्रेयाताईंनी पाण्याचा ग्लास उचलला, प्यायल्या नाहीत, खाली ठेवला, आणि मान खाली गेली. शेवटच्या रांगेत उभ्या असलेल्या वृषालीनं पापणी लवू दिली नाही. सोळा सोमवारांचा कोरडा घसा एकदम साजूक तुपानं माखल्यासारखा वाटला. वाईट वाटेल अशी तिला भीती होती. वाटलं नाही. संध्याकाळी तिनं चुरम्याचे तीन वाटे केले, एक देवाला, एक गाईला, एक घरी, आणि घरचा वाटा घेऊन सरूकाकूच्या ओट्यावर गेली.

"झालं का तुझ्या मनासारखं?" सरूकाकूनं विचारलं.

"झालं."

"रडली का ती?"

"रडली न्हाय. पर मान घातली खाली."

"बरं झालं." सरूकाकूनं चुरमा तोंडात टाकला. "तुझं उद्यापन झालं. माझा तर आजून पयलाच सोमवार. सकाळी लवकर ये. आन तुझी स्कूटी घरीच लावून ठेव, उद्या लागायची न्हाय."

सकाळी गल्लीच्या तोंडाला सोपानचा भाजीचा टेम्पो उभा होता. एरवी त्याच्या भोंग्यातून मेथी, कोथिंबीर, ताजी वांगी ओरडत असायची. आज सोपान पेनड्राइव्ह खोबणीत खुपसत होता. सरूकाकू पुढं त्याच्या शेजारी बसली होती, धुतलेलं लुगडं, कपाळाला ठसठशीत कुंकू.

"मावशे, लय मोठा लावू का?" सोपाननं विचारलं.

"फुटंस्तवर लाव."

टेम्पो आप्पासाहेबांच्या शेडपुढं थांबला आणि भोंगा बोलायला लागला. जाडाभरडा नाही, सरूकाकूचा, तिचाच. मी लासुर्ण्याची सरूबाई, इथनं सुरू झालं. कोपरा कुठला, कॅमेरा कुठं, त्याचं तोंड कुणाकडं, तो बसवला कुणी, सगळं. रस्त्यावरनं जाणारे उसाचे ट्रॅक्टर थबकले. ड्रायव्हर माना बाहेर काढून ऐकायला लागले. शेडमधल्या बायका हातात पेरू तसेच धरून दारात आल्या. एकजण खुदकन हसली, मग दुसरी, मग कुणाला आवरेना.

आप्पासाहेब बनियनवर बाहेर आले. "ए सोपान्या! बंद कर ते!"

"मला कुठं येतंय आप्पा? मशीन मावशीची हाय!"

"सरूबाई, काय चाललंय हे? बसून बोलू की आपण. उद्यापासनं ये कामाला, झालं?"

सरूकाकूनं खिडकीतून त्यांच्याकडं निवांत बघितलं. पहिल्यांदाच त्या दोघांत कॅमेरा नव्हता. "काम नगं, आप्पासाहेब," ती म्हणाली. "तुमी टाळ्या वाजवल्या हुत्या ना? मंग सगळं ऐकल्याबिगर कसं चालंल?"

आवाज संपला. सोपाननं पुन्हा पहिल्यापासून लावला. वृषालीच्या फोनवर आवाजघरातून तिसऱ्यांदा फोन येत होता. तिनं तो बंद करून पर्समध्ये टाकला.

"आता कुठं, मावशे?" सोपाननं गाडी चालू केली.

"निरवांगीला," सरूकाकू म्हणाली. "आप्पासाहेबांच्या सुनंचं म्हायार हाय तितं. व्याह्यांनी बी ऐकाय पायजे."

आप्पासाहेब टेम्पोमागं चार पावलं धावले. वृषाली मागच्या फळीवर पाय ठेवून, रिकाम्या क्रेटला धरून वर चढली.