मागच्या दाराशेजारचा बोर्ड

बांधकामावरची माणसं तिला तोंडावर बाई म्हणायची आणि पाठीमागे ‘सुई’. ती नगरपरिषदेची इमारत निरीक्षक. तिच्या पर्समध्ये विणायची एक लांब सुई कायम असायची, पण स्वेटरचा एक टाका तिनं जन्मात घातला नव्हता. नव्या घराच्या बाहेरच्या भिंतीत, विटांच्या दोन थरांच्या मधे, चार बोटं जाड लोकर भरलीच पाहिजे, असा परिषदेचा नियम होता. थंडीत ऊब आत राहावी, उन्हाळ्यात झळ बाहेर. पण भिंत एकदा लिंपली की आत लोकर आहे की नुसती हवा, हे कोण सांगणार? म्हणून बाई स्विचबोर्ड उघडायची आणि मागच्या फटीतून सुई आत घालायची. सुई मऊ लागली की सही. सरळ पलीकडच्या विटेवर टेकली की घर नापास. सात वर्षांत एकही घर नापास झालं नव्हतं. आपल्या धाकानं सगळे बांधकामवाले सरळ झाले, असं तिला मनापासून वाटायचं. बिचारी!

त्या दिवशी ती घरूनच तापून आली होती. सकाळी उठल्या उठल्या सासूबाईंनी हजेरी घेतली होती. “खिडक्या धड लावत नाहीस, माझी खोली बर्फ होते. कुणाच्या मुळावर उठलीस गं?” गेले सहा हिवाळे हेच चाललं होतं. बाई रोज खिडक्या दोनदा तपासायची, आणि सासूबाई तरी खोकायच्याच.

बेचाळीस घरांची नवी वसाहत होती. दुपारी तीनला बांधकाम समितीची बैठक, आणि तिथं बाईचा अहवाल वाचून भोगवट्याचा दाखला द्यायचा होता. बावीस घरं झाली. तेविसाव्यात स्वयंपाकघराच्या मागच्या दाराशेजारचा बोर्ड उघडेना. स्क्रूची खाच पार झिजून गेली होती, जणू कुणी तो घाईघाईनं चार वेळा काढला-लावला असावा. बाई वैतागली आणि निजायच्या खोलीत गेली. तिथला बोर्ड उघडला, सुई घातली.

सुई सरळ विटेवर टेकली.

तिनं पुन्हा घातली, तिरकी घातली. आत काही नव्हतं. तेवढ्यात मुकादम धावत आला. त्याचा चेहरा लाल झाला होता.

“बाई, हा कशाला उघडलात? तुमचा ठरलेला बोर्ड तिकडं आहे ना!”

बोलून गेला आणि जीभ चावली. बाईनं त्याच्याकडं पाहिलं, मग शेजारच्या घरात गेली. तिथं मागच्या दाराशेजारी लोकर होती, हातभर रुंद. बाकीच्या तिन्ही खोल्यांत हवा. पुढच्या दोन घरांतही तेच. प्रत्येक घरात तेवढी एकच जागा भरली होती, खास तिच्या सुईसाठी.

“माझा ठरलेला बोर्ड तुम्हाला कुणी सांगितला?”

“आम्हाला कशाला विचारता?” मुकादम आता उर्मटपणावर आला. “घरी विचारा.”

घरी जायची गरज नव्हती. तिचा नवरा याच वसाहतीत वायरमन होता. एकतिसाव्या घरात शिडीवर उभा राहून तो दिवा लावत होता.

“खाली उतरा,” ती म्हणाली.

“काम चाललंय.”

“उतरता की शिडी ओढू?”

तो उतरला. तिनं विचारलं, त्यानं नाकारलं नाही. चोर तो चोर, वर शिरजोर.

“जेवताना तूच सांगतेस ना, मागच्या दाराचा बोर्ड कमरेच्या उंचीवर, वाकावं लागत नाही, पटकन होतं? मी काय दरोडा घातला? नुसतं बोललो. सात वर्षं कंत्राटदार मला बोलावतो, ते काय माझ्या हुशारीवर? आणि लिहायचंच असेल तर नीट लिही. मागच्या एकसष्ट घरांच्या दाखल्यावर सही कुणाची आहे?”

घरचा भेदी म्हणतात तो हा, आणि वर तिलाच सुनावत होता. तिला त्याच्या थोबाडीत द्यावीशी वाटली. पण खरा संताप स्वतःचा आला. वाकायचा कंटाळा म्हणून सात वर्षं एकच बोर्ड! लोकांच्या कामातली खोट शोधत हिंडली, आणि आपल्या सवयीकडं एकदाही पाहिलं नाही.

तीनला समिती बसली. सभापतींच्या मागं भिंतीवर नियमाची चकचकीत प्रत टांगली होती. अहवाल वाचून त्यांनी चष्मा काढला.

“मॅडम, झाकली मूठ सव्वा लाखाची. ‘किरकोळ दुरुस्ती’ लिहा, दाखला देऊन टाकू. लोक सामान बांधून बसलेत.”

“किरकोळ नाही. भिंती रिकाम्या आहेत.”

“आणि मागची एकसष्ट?” सभापती गोड हसले. “तीही रिकामी निघाली तर पहिली गच्छंती तुमची. आ बैल मला मार, असं कशाला करता?”

बाईनं अहवाल पुन्हा त्यांच्यापुढं सरकवला.

“निघू देत. सही माझीच आहे, चूकही माझी. सगळ्या भिंती फोडून बघा. सुरुवात मी आजच करते, माझ्या घरापासून. तेही त्याच एकसष्टांतलं आहे.”

समितीनं दोन ठराव केले. बेचाळीस घरांचा दाखला थांबवला, आणि चौकशी होईपर्यंत बाईला घरी बसवलं. दुसरा ठराव पहिल्यापेक्षा लवकर झाला.

संध्याकाळी ती घरी आली ती थेट नवऱ्याचं ड्रिल घेऊन सासूबाईंच्या खोलीत. सासूबाई दोन रजया घेऊन भिंतीकडेच्या पलंगावर बसल्या होत्या.

“अगं, घर पाडतेस की काय?”

बाईनं उशाशी भिंतीला भोक पाडलं आणि सुई आत घातली. ती मुठीपर्यंत आत गेली आणि विटेवर टेकली. सासूबाईंनी भोकापुढं तळहात धरला. गार वारा लागत होता.

दारात नवरा उभा होता. भिंत बंद व्हायच्या आधी शेवटचा आत बघतो तो वायरमनच. या घराची वायरही त्यानंच ओढली होती.

“तुला माहीत होतं?” सासूबाईंनी मुलाला विचारलं.

पुढं होऊन त्यानं ड्रिलची वायर गुंडाळायला घेतली.

“सहा हिवाळे मी हिला घालूनपाडून बोलतेय, आणि तू शेजारी बसून जेवत होतास.”

म्हातारी खोकत खोकत उठली. एक रजई अंगाभोवती घेतली, दुसरी सुनेच्या हातात दिली आणि उशी काखेत मारली.

“चल गं, मी तुझ्या खोलीत येते,” ती म्हणाली. मग मुलाकडं वळली. “आजपासून इथं तू झोप.”