दुसरा राजा

नाझिया मुकादम रत्नागिरीच्या एका कॉलेजात इतिहास शिकवायची. रविवारी दुपारी ती धाकट्या भावाला, फारुकला, उद्याचा धडा सांगत होती. दोन वर्षांपूर्वी मच्छीमार सोसायटीच्या मुजोर चेअरमनविरुद्ध फारुकने अख्खा मोहल्ला उठवला होता. त्या झटापटीत त्याचा पाय कायमचा अधू झाला. चेअरमन पायउतार झाला आणि त्याच्या जागी त्याचाच चुलतभाऊ बसला.

"१८३० साली फ्रान्सच्या राजाने वर्तमानपत्रांचा गळा आवळला, निवडलेली सभा मोडली. त्यात पाव महागलेला. पॅरिसचे लोक तीन दिवस लढले आणि राजा पळाला," नाझिया म्हणाली.

"मग?"

"त्याचाच एक नातलग गादीवर आला. बडे पैसेवाले सुखावले. लढलेल्या कामगारांना साधं मतसुद्धा मिळालं नाही."

"त्यालाही हाकलला असेल ना, आपा?"

"हो, अठरा वर्षांनी."

"आणि मग?"

त्यानंतर चारच वर्षांत तिथे सम्राट आला, हे नाझियाला सांगवेना. तिचा चेहरा बघून फारुकने पुढे विचारलं नाही.

तेवढ्यात सोसायटीची माणसं दारात आली. नव्या चेअरमनविरुद्धच्या अर्जावर त्यांना फारुकची सही हवी होती.

"मी झोपलोय म्हणून सांग," फारुक म्हणाला आणि भिंतीकडे वळला.

नाझियाने बाहेर जाऊन तसंच सांगितलं.