सात मोजेपर्यंत

"इथं कापलंय तुम्ही," बाई म्हणाल्या.

गळ्यात हेडफोन अडकवलेली संकलन करणारी मुलगी खुर्चीतल्या खुर्चीत फिरली. शिक्षण कार्यालयाच्या तिसऱ्या मजल्यावरची ती खोली आवाज येऊ नये म्हणून जाड पडदे लावून बंद केलेली होती. समोरच्या संगणकावर बाईच सहावीचे अपूर्णांक शिकवत होत्या. शिकवत कसल्या, धावत होत्या. प्रश्न विचारला की लगेच उत्तर, उत्तर झालं की पुढचा प्रश्न. बघूनच बाईंना धाप लागली.

"मॅडम, प्रत्येक प्रश्नानंतर तुम्ही नुसत्याच उभ्या होतात. एकोणीस वेळा. मला वाटलं पुढचं आठवत नसेल, म्हणून तेवढं काढून टाकलं. दोन मिनिटं तेरा सेकंद वाचले."

"आठवत होतं. मी थांबले होते."

"कुणासाठी? खोलीत तर आपण दोघीच होतो."

प्रश्न रास्त होता. बाईंना हसू आलं.

शाळेत त्यांना सगळे थांबाबाई म्हणत, आणि ते त्यांना माहीत होतं. वर्गात प्रश्न टाकला की हुशार पोरांचे हात वर जात, काहींची तर तोंडंही उघडत. बाई त्यांना तळवा दाखवून "थांबा" म्हणत, मग हात पाठीमागे घेऊन बोटांवर सात मोजत. सात झाल्याशिवाय कुणालाही उत्तर द्यायची मुभा नव्हती. ही खोड घरीही सुटली नव्हती. भाजीत मीठ बरोबर पडलंय का, असं विचारून त्या अशा काही थांबत की नवऱ्याला खरं बोलण्यावाचून गत्यंतर नसे.

पण या खोडीमागे एक मुलगी होती, आणि ते बाईंनी आजवर कुणाला सांगितलं नव्हतं. संकलन करणाऱ्या मुलीला मात्र त्यांनी सांगितलं. नोकरीचं दुसरंच वर्ष. तिसऱ्या बाकावरची एक मुलगी प्रश्न ऐकून उभी राहायची, ओठ हलवायची, आणि शब्द बाहेर पडायच्या आत दुसरंच कुणीतरी उत्तर देऊन मोकळं व्हायचं. बाईंना पुढे जायची घाई असे. "बस," त्या म्हणत. पुढे ती उभी राहीनाशी झाली, मग शाळेतच येईनाशी झाली. वर्ष संपल्यावर तिची राहिलेली वही बाईंच्या खणात सापडली. एकही गणित चुकलेलं नव्हतं.

"तिला सात सेकंद लागायचे," बाई म्हणाल्या. "मी तेवढे दिले नाहीत."

संकलन करणाऱ्या मुलीने हेडफोन कानांवर चढवले आणि काढून टाकलेले तुकडे एकेक करून परत जोडायला घेतले.

खरी अडचण कार्यालयातल्या साहेबांची होती. हे पाठ जिथे गणिताला शिक्षकच नाही अशा चाळीस शाळांत जाणार होते आणि कोणते जाणार ते साहेब ठरवत. पाठ पाहून त्यांनी कपाळाला हात लावला. पडद्यावर तीन सेकंद काही घडलं नाही की मुलं खिडकीबाहेर बघतात, हे त्यांचं पक्कं मत होतं. अहो, पडदा बंद पडला असंच वाटेल सगळ्यांना, ते म्हणाले. मग भाजीबाजारात चालते तशी घासाघीस झाली. साहेब चारवर आले. बाई सातवरून हलेनात.

"सात नसतील तर माझा पाठ काढून टाका," शेवटी त्या म्हणाल्या. दोन महिन्यांनी त्या निवृत्त होणार होत्या. हा पाठ त्यांना हवा होता, अगदी मनापासून हवा होता.

"साहेब, पडदा बंद पडल्यासारखा दिसणार नाही, एवढं मी बघते," मुलगी मध्येच बोलली. "मॅडम, मोजताना तुमचे हात कुठे असतात?"

"पाठीमागे."

"पुढे आणा."

दुसऱ्या दिवशी तिने थांबण्याच्या तुकड्यांसाठी कॅमेरा खाली आणून फक्त टेबलाचं चित्रण केलं. कागदाच्या दोन सारख्या पट्ट्या, एकीचे तीन भाग, दुसरीचे चार, आणि बाजूला बाईंची एकेक करून उघडणारी बोटं. इतकी वर्षं पाठीमागे लपलेली ती बोटं पडद्यावर बघताना बाईंना उगाचच लाजल्यासारखं झालं. साहेब म्हणाले, एका शाळेत लावून बघू. चार की सात, ते तिथेच ठरेल.

ती शाळा तीन खोल्यांची होती. शाळेतल्या मदतनीस बाईंनी पडदा सुरू केला. साहेब घड्याळ हातात घेऊन मागच्या बाकावर बसले. मुलांचं लक्ष आपल्याकडे जाऊ नये म्हणून थांबाबाई मात्र व्हरांड्यातल्या खिडकीशी उभ्या राहिल्या.

पहिल्या प्रश्नाला वर्ग एकमेकांकडे बघून हसला. दुसऱ्याला चारपाच जण एकदम ओरडले. पडद्यावरच्या बाईंनी तळवा दाखवला आणि तिथे नसलेल्या मुलांना "थांबा" म्हटलं, तशी पोरं चक्क गप्प झाली. चौथ्या प्रश्नापासून काहींची बोटं बाईंच्या बोटांबरोबर उघडू लागली.

"दोन तृतीयांश मोठे की तीन चतुर्थांश? आणि का?"

पडद्यावर एक बोट उघडलं. दोन. तीन. खिडकीजवळच्या बाकावरची एक मुलगी पट्ट्यांकडे टक लावून बघत होती. तिचे ओठ हलत होते. चार. साहेबांनी घड्याळाकडे पाहिलं. बाईंनी खिडकीचा गज घट्ट धरला. पाच.

"तीन चतुर्थांश," सहाव्या बोटाला मुलगी हळूच म्हणाली. "त्याचा उरलेला तुकडा लहान आहे."

सातवं बोट उघडलं. "बरोबर," पडद्यावरच्या बाई समोर बघत म्हणाल्या. "उरलेला तुकडा लहान, म्हणून तीन चतुर्थांश मोठा."

आपल्यालाच म्हटलं अशा समजुतीने मुलीने मान डोलावली.

साहेबांनी घड्याळ खिशात टाकलं. बाहेर बाईंनी गज सोडला आणि पुढचा प्रश्न सुरू होताच सवयीने हात पाठीमागे नेले.